विळ्याचं रक्त

१३ ऑगस्ट १९७८, रविवार

भागीरथा आली काय, गेली काय! कन्हानहून पोरीला घेऊन आली, ओट्यावर बसवली, अर्धा कप चहा तसाच ठेवला आणि म्हणते, "बाबा, हिले रामदासपेठेतल्या त्या डॉक्टरले दाखवा. तुम्हीच जा. महादेवले नका धाडू." का? मी काय रिकामा बसलोय? बसलोय — पण ते तिनं का धरून चालावं? सत्तरीच्या बापानं हुडकेश्वरहून धक्के खात जायचं, आणि ही घरी पापड लाटणार!

"तू काहून नाही जात?" विचारलं तर पदर डोळ्याला. "मले त्याचं बोलणं नाही समजत जी." सातवी शिकलेली आहे ही माझी लेक. मी चौथी. तिला समजत नाही ते मला समजणार!

कौशल्या तेरा वर्षांची. लहानपणापासून हातपाय दुखतात, डोळे पिवळे, दोन पायऱ्या चढली की धापते. वात आहे, दुसरं काय? माझ्या आईलाही होता. तिळाचं तेल झालं, गूळ-फुटाणे झाले, लोखंडी कढईतली भाजी झाली, बाटलीतलं लोखंडाचं औषध तर दर महिन्याला मीच धाडतो. आणखी काय दाखवायचं डॉक्टरला?

हे सगळं बडबडत होतो तर पोरगी खाटेवरून म्हणते, "आबाजी, दुखून मले राहिलं अन् कण्हून तुम्ही राहिले."

जीभ मात्र ठणठणीत आहे.

१६ ऑगस्ट, बुधवार

डॉक्टर पिंपळापुरे. महादेवापेक्षा लहान असेल. माझा मुलगा पोरसवदा दिसतो म्हणून मी त्याला अजून 'अरे' म्हणतो, आणि हा त्याहून पोरगा खुर्चीत बसून मला शिकवतो!

म्हणे वात नाही. म्हणे, "काकाजी, हिच्या रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात."

विळा! आमच्या रक्तात विळा! मी म्हणालो, शब्द सांभाळून बोला. तो म्हणाला, "घरी सांगितलं नाही का आईनं? तिला मागच्या महिन्यातच सांगितलंय." मी म्हणालो, तिला तुमचं बोलणं कळत नाही. त्यानं खणातून एक कागद काढला.

मग सांगितलं — हिच्या आईबापाचं रक्त तपासून झालंय. अर्धं आईकडून आलं, अर्धं बापाकडून, म्हणून पोरीत पुरं भरलं. "आईकडून?" मी विचारलं. "दोन्हीकडून आल्याशिवाय हा आजार होतच नाही." म्हणजे माझ्या घरातून! मी उभाच राहिलो. जावई खदानीत कोळशाची धूळ खातात, त्यांचं असेल काय ते. माझ्या घरात कधी कोणाला काही झालं नाही!

तरी याचं पोट भरेना. विचारतो, "घरात कोणाचं लग्न ठरलंय का?" मी छाती काढून सांगितलं. महादेवाची लतिका बारशाच्या पाळण्यात होती तेव्हा भागीरथानं तिच्या मनगटात चांदीचं कडं चढवलं आणि म्हणाली, ही माझ्या शालिकरामची. चार पाहुण्यांत मी म्हणालो — दिली. मामाची पोरगी भाच्याची, आमच्यात अशीच रीत आहे. पोरगी लांब जात नाही, सासू म्हणून आत्याच मिळते. तुळशीचं लग्न झालं की यांचं.

डॉक्टर म्हणतो, "आधी दोघांचं रक्त तपासा."

तपासा! बाजारात बैलाचे दात तपासतात तसे!

१७ ऑगस्ट

आज कोणाशीच बोललो नाही. कोणी विचारलंही नाही का बोलत नाही म्हणून!

२२ ऑगस्ट, मंगळवार

भांडायलाच गेलो होतो. लतिका सोबत आली — म्हणे तुम्ही रस्त्यात कोणावर ओरडाल. घरीच ओरडलो असतो तर बरं.

डॉक्टरला म्हणालो, विळा-बिळा नको. रक्तात असतं काय, ते सांग. त्यानं कागदावर चकत्या काढल्या. म्हणे, लाल पेशी फुप्फुसात जाते, तिथं प्राणवायू घेते, नळ्यानळ्यांतून हातापायाला नेते, तिथं सोडते, परत येते —

"मालगाडीचा डबा," मी म्हणालो.

"काय?"

"फुप्फुस म्हणजे इतवारीचा मालधक्का. तिथं डबा भरायचा, पायाच्या स्टेशनावर उतरवायचा, रिकामा परत. हाच धंदा ना?"

इतवारीला छोट्या लाइनीचा माल मोठ्या लाइनीत चढवणाऱ्या हमालांचा मुकादम होतो मी. आयुष्य गेलं त्यात. तो हसला, खुर्ची पुढे ओढली. "बरोबर काकाजी. आणि डब्यात माल धरून ठेवणारं जे असतं ते हिमोग्लोबिन. त्यात लोखंड असतं. त्या लोखंडाला प्राणवायू चिकटतो, म्हणून रक्त लाल दिसतं. उतरवला की काळपट."

मग सरळ असं सांगायला काय जातं या लोकांचं! पहिल्या दिवशी विळा कशाला काढायचा?

आणि पोरीचं बिघडलंय कुठं, तर — भरलेला असेपर्यंत हिचा डबा चांगला. माल उतरवला, रिकामा झाला, की आतलं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटतं, काड्यांसारखं ताठ होतं, आणि डबाच वाकतो. बारीक नळीच्या वळणावर अडकतो. मागची लाइन जाम. पुढच्या स्टेशनाला माल नाही. जिथं माल पोचत नाही तिथं ठणका. परत भरला की सरळ होतो म्हणे, पण असा किती वेळा वाकणार? आपला डबा चार महिने चालतो, हिचा पंधरा-वीस दिवसांत मोडीत निघतो. त्या मोडीचा पिवळा रंग डोळ्यांत उतरतो. म्हणून रक्त कमी. लोखंड कमी म्हणून नाही!

"ती लोखंडाची बाटली बंद करा," म्हणाला.

इतकी वर्षं ती बाटली मी धाडली! नाक दाबून पाजली पोरीला! आणि इथं डब्याचा साचाच वाकडा. ज्यानं पहिल्यांदा लिहून दिली त्या कन्हानच्या वैद्याला धरून हलवावंसं वाटलं. तो मेला दोन वर्षांपूर्वी. म्हणून सुटला.

परतताना लतिका म्हणाली, "आबाजी, मले त्यायनं पहिल्यांदाच नीट समजून सांगतलं." त्यानं सांगितलं? डबा कोणी सांगितला?

समजलं म्हणजे मानलं असं नाही. साचा वाकडा असेल तर तो जावई बाबारावांच्या घरचा. आमचा नाही.

२ सप्टेंबर, शनिवार. पोळा

शेजाऱ्यांच्या जोडीला पुरणपोळी चारली. कौशल्यानं बैलाच्या शिंगाला बेगड लावली. दुपारनंतर तिला दम लागला.

डॉक्टरची गोळी आहे, पाणी भरपूर प्यायला सांगितलंय. पाण्यानं काय होणार? उद्या तिला मारबतीच्या बाहुलीची मिरवणूक दाखवतो. साऱ्या नागपूरची रोगराई ती ओढून नेते. आपल्या एका पोरीचा पिवळेपणा नेणार नाही?

३ सप्टेंबर, रविवार

इतवारीत माझी ओळख अजून आहे! जुन्या हमालांनी दुकानाच्या फळीवर उभं राहायला जागा दिली. गर्दी म्हणजे काय गर्दी. ऊन तर भादव्याच्या पहिल्याच दिवशी भर भादव्याचं. पिवळी मारबत आली तसा सगळा रस्ता ओरडला — "खोकला-खरूज घेऊन जा गे मारबत! महागाई घेऊन जा गे मारबत!" मी कौशल्याला म्हणालो, तूही ओरड. पोरगी दोन्ही हात तोंडाशी लावून ओरडली, "सुई टोचणाऱ्या डॉक्टरले घेऊन जा गे मारबत!"

सगळी फळी हसली. मीसुद्धा.

दोनदा पाणी मागितलं तिनं. मी म्हणालो, मारबत पुढे जाऊ दे, इथलं पाणी कसलं असेल कोण जाणे. ऐकलं बिचारीनं. येताना रिक्षात झोपली. चेहरा लाल दिसत होता. चांगला लाल!

पिवळ्या मारबतीनं पिवळं नेलं. उद्या डॉक्टरला जाऊन सांगतो.

४ सप्टेंबर, सोमवार

पोरगी दवाखान्यात आहे.

सकाळी उठली ती किंचाळतच. मांड्या, पाठ, छाती. बोट लावू देत नव्हती. तेल लावायला गेलो तर माझ्या हाताला चावली. महादेवानं उचलून रिक्षात घातली.

डॉक्टरनं विचारलं, काल काय झालं होतं? मीच सांगितलं — ऊन, गर्दी, पाणी दिलं नाही. मला वाटलं ओरडेल. ओरडला नाही. म्हणाला, "पाणी कमी झालं की रक्त दाटतं, आणि दाट रक्तात डबे लवकर अडकतात." माझाच शब्द वापरला त्यानं! ओरडला असता तर बरं होतं.

मारबत! कसली मारबत! लाकडाचा सांगाडा आणि कागद!

५ सप्टेंबर, मंगळवार

रक्त चढवायचं ठरलं. मी म्हणालो, माझं घ्या. डॉक्टर म्हणाला, "या वयात घेत नाहीत." का नाही? माझं रक्त सत्तर वर्षं चाललेलं आहे, पारखलेलं आहे! मी बाही वर केली. सगळ्यांदेखत म्हणालो, घेऊ नका, पण तपासा! एकदा होऊन जाऊ द्या, हे कोणाच्या घरचं आहे ते! जावई बाबाराव समोरच उभे होते. त्यांना ऐकू जावं म्हणूनच बोललो.

बोट टोचून घेतलं.

महादेवाचंही घेतलं, प्रेमिलाचंही. माझ्या सुनेचं — जिला मी वीस वर्षं 'परक्या घरची' म्हणतो — तिचं जुळलं आणि तिचंच चढलं. बाटलीकडे पाहत बसलो. प्रेमिला बाहेर बाकावर लिंबूपाणी पीत बसली होती. मी जाऊन म्हणालो, "आणखी पाह्यजे काय वं?" ती म्हणाली, "नको जी." एवढंच. आणखी काय बोलायचं असतं!

बाबाराव मला कोपऱ्यात घेऊन गेले. "बाबाजी, हे विळ्याचं बाहेर नाही गेलं पाह्यजे. उद्या माह्या पोरीले कोण पाहीन? अन् लग्न ठरल्या वेळी. डॉक्टर लोक काहीही सांगते." पहिल्यांदा या माणसाचं म्हणणं पटलं. आणि पटलं म्हणून राग आला.

भागीरथा पोरीच्या पायथ्याशी. मी जवळ गेलो तसा पदर पुढे ओढला.

७ सप्टेंबर, गुरुवार

डॉक्टरनं मला बोलावलं. टेबलावर भिंगाचं यंत्र. म्हणाला, "बघा." काचेवर रक्ताचा एक थेंब, वरून दुसरी काच, कडा बंद. आत हवा नाही. हवा नसली की काय होतं ते दिसतं म्हणे.

डोळा लावला. आधी धुकं. मग दिसले. गोल गोल, आणि त्यांच्यामध्ये — वाकलेले. टोकदार. धान कापायच्या विळ्यांचा ढीग सांडल्यासारखे.

मी म्हणालो, "पोरीचं रक्त आहे हे?"

"तुमचं आहे, काकाजी."

बाहेर येऊन बसलो. चप्पल तिथंच राहिली होती. तो स्वतः घेऊन आला.

म्हणे, माझ्यात अर्धं आहे. अर्ध्याला काही होत नाही. अर्धे डबे चांगले असले की गाडी चालते, मी सत्तर वर्षं चालवलीच. माझं भागीरथात गेलं. महादेवातही गेलंय, त्याचंही अर्धं निघालं. मी, माझ्या दोन्ही पोरांना!

कोणावर ओरडू?

११ सप्टेंबर, सोमवार

कौशल्या घरी आली. मी पाण्याचा तांब्या घेऊन तिच्या मागे. "आबाजी, मी बदक होऊन जाईन." प्यायली मात्र.

डॉक्टरला आज विचारलं, हे आलं कुठून? कोणाचं पाप? तो म्हणाला पाप नाही. जिथं हिवताप फार, त्या मुलखात हे फार सापडतं. अर्धं ज्याच्यात असतं त्याच्या रक्तात हिवतापाचा किडा नीट वाढत नाही. तो ताप येऊनही वाचतो. म्हणून असे लोक उरले, आणि त्यांच्या पोरांत हे पुढे आलं.

मी ऐकून घेतलं. घरी येऊन ओसरीत बसलो तेव्हा उलगडलं.

मुकादम व्हायच्या आधी मी जंगलातल्या छोट्या लाइनीवर रूळ टाकणाऱ्या गँगमध्ये होतो. विशीचा. बालाघाटच्या पलीकडे सालाचं जंगल, ओढ्याकाठी आमच्या झोपड्या. पावसाळा संपता संपता ताप आला. सगळ्यांनाच आला. लहानू माझ्याच गावचा, माझ्याच खाटेवर झोपणारा. तिसऱ्यांदा थंडी भरली तेव्हा त्याची दातखीळ बसली ती सुटलीच नाही. आणखी किती गेले! मला ताप आला, गेला, आला, गेला. मी उठलो. घरी आल्यावर आईनं कोराडीच्या देवीला माझ्या वजनाचा गूळ वाटला. गळ्यातल्या गंड्यानं तारलं म्हणाली. मीही आयुष्यभर तेच सांगितलं. या नत्थूवर देवीचा हात!

लहानूच्या गळ्यातही तोच गंडा होता. आम्ही दोघं एकत्रच बांधून आलो होतो.

तर विळ्यानं मला राखलं. आणि राखणावळ घेतली या पोरीकडून. ही कुठली वसुली? मला राखताना मला विचारायचं होतं! मी सांगितलं असतं — लहानूला राख.

१४ सप्टेंबर

लतिकानं आपलं आपण जाऊन बोट टोचून घेतलं. मला न सांगता! महादेवाला न सांगता! अर्धं.

म्हणाली, "काही नाही होत मले आबाजी. पण माहीत असलेलं बरं."

ओरडणार होतो. तिच्या बोटाला कापूस पाहिला आणि राहिलं.

१७ सप्टेंबर, रविवार

शालिकराम बहिणीला भेटायला आला. चांगला पोरगा आहे, हे लिहायलाच हवं. येताना तिच्यासाठी चिवडा आणला, तिनं सगळे दाणे वेचून खाल्ले आणि पोहे त्याला परत दिले. त्यानंही तपासून घेतलंय. अर्धं.

मग तो आणि लतिका पेरूखाली उभे राहून बोलले. मी खाटेवर डोळे मिटून पडलो होतो. कान मिटता येत नाहीत.

"डॉक्टर म्हणते, चारातलं एक," तो म्हणाला. "म्हणजे तीन तर चांगले निघतीन ना?"

"दर खेपेले चारातलं एक म्हणते. पहिलंच निघालं तर?"

"अन् नाही निघालं तर?"

लतिका म्हणाली, "दवाखान्यात त्या रात्री कौशल्याचे पाय माह्या मांडीवर होते शालिक. तू नव्हता तिथं. ती आईले नाही बोलवत होती. मरू द्या म्हणत होती."

तो म्हणाला, "माह्या बाबाले कोण सांगीन? तो नाही ऐकणार. अन् कारण सांगतलं तर साऱ्या कन्हानले कळते. मंग कौशल्याचं काय?"

"तुह्या आईनं मले कडं घातलं," ती म्हणाली. "मी कशी काढू?"

दोघं गेली तरी मी तसाच पडून होतो. कोणीच काढू शकत नाही! भाऊ बहिणीला नाही म्हणू शकत नाही. भाचा हक्क सोडतो म्हणाला तर त्याच्यातच खोट काढतील. पोरगी नाही म्हणाली तर तिचं चालचलन. आणि खरं सांगितलं तर दोन पोरींच्या कपाळावर विळा!

'दिली' कोण म्हणालं होतं? मी.

मालधक्क्यावर माझा शब्द म्हणजे पावती होती. नत्थूजी हो म्हणाला की व्यापारी सही मागत नसे. साऱ्या आयुष्यात कमावलेलं एवढंच.

२४ सप्टेंबर, रविवार

झालं.

बाबाराव आणि भागीरथा तारीख धरायला आले. नारळ, साखर, सगळं घेऊन. शेजारचे दोघं-तिघं ओट्यावर. मी म्हणालो, "हे लग्न होणार नाही."

महादेवाच्या हातातला पाट खाली पडला. त्याला मी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्याच्या तोंडावर दिसलं असतं.

"काहून?" बाबाराव म्हणाले.

"खदानीतल्या माणसाच्या घरी माही नात नाही देत मी. पोरगी मॅट्रिक झाली आहे. नोकरीवाला पाहीन."

असं बोललो! ज्याच्या पोरानं चिवडा आणला त्याला! बाबारावांचं तोंड काळंठिक्कर पडलं. "एकोणीस वर्षांनी आठवलं काय बाबाजी, आमचा धंदा?"

"हो. आठवलं."

"चार लोकांत शब्द देल्ला होता!"

"चार लोकांतच घेतो परत."

मग भागीरथा उठली. माझी लेक, मी तिला तशी कधी पाहिली नाही. ओट्यावर उभी राहून हात नाचवून बोलली, सारी आळी जमली. "म्हातारपणी हवा चढली तुमच्या डोक्यात! जावयाचा पाणउतारा करता? लोकहो पाहा, हा माहा बाप! शब्द खाऊन राहिला!" लतिकानं आतून येऊन मनगटातलं कडं काढलं, मी ते भागीरथापुढे धरलं. तिनं हिसकून घेतलं. "आजपासून मले माहेर नाही! भाऊबीजेलेही नाही पाय ठेवणार या दारात!"

पाणीसुद्धा न पिता गेले. कौशल्यालाही नेलं. जाताना ती मागे वळून तांब्याकडे बोट दाखवत होती. तांब्या तसाच हातात होता माझ्या.

शेजारी म्हणाले, असं नको होतं करायला नत्थूजी. मी म्हणालो, तुमच्या घरचं पाहा!

२५ सप्टेंबर

महादेव बोलत नाही. प्रेमिलानं ताट वाढलं आणि ताटाशी बसून राहिली. तिला खरं कारण कळलं असावं.

११ ऑक्टोबर. दसरा

सोनं द्यायला कन्हानहून कोणी नाही. वाट कोण पाहतंय!

पाहिली. संध्याकाळपर्यंत.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

बसस्टँडवर एक जुना हमाल भेटला. म्हणाला, "मुकादम, ऐकलं तुम्ही शब्द फिरवला. खरं काय जी?" मी म्हणालो, खरं. तो म्हणाला, "दुसऱ्या कोणाचं असं ऐकलं असतं तर चाललं असतं."

त्याला विळा दाखवावासा वाटला. दाखवला नाही. चालत घरी आलो.

राग भागीरथाचा येतो. जगानं काही म्हणावं, तिनं म्हणावं? दवाखान्यात पायथ्याशी बसली होती. डॉक्टर तिलाही तेच सांगत होता ना! सातवी शिकलेली! बापानं बेइमानी का केली, एवढं तिच्या डोक्यात येऊ नये?

१ नोव्हेंबर

दिवाळी म्हणे. प्रेमिलानं करंज्या केल्या. मी एकही खाल्ली नाही. दात दुखतो सांगितलं.

२ नोव्हेंबर, गुरुवार. भाऊबीज

सकाळी दारात भागीरथा. एकटीच. तोंड उघडायला गेलो तर म्हणाली, "ओरडू नका, पहिले ऐका." दार लावून घेतलं तिनं.

"कौशल्याच्या बापानं मले शपथ घातली होती. माहेरी रक्ताचं बोलली, तर पोरीचं मेलेलं तोंड पाहशील. मी कशी बोलू? म्हणून पोरगीच धाडली तुमच्याकडे. म्हटलं, डॉक्टर बोलन. अन् बाबाले एकदा समजलं, की बाबा काहीतरी करतीन."

"मग साऱ्या आळीत माझा उद्धार काय म्हणून केला?"

"गप बसली असती तर कौशल्याच्या बापाले कळलं नसतं, की पोरगी मीच मुद्दाम धाडली म्हणून?"

महादेवाला ओवाळलं. मग तबक घेऊन माझ्यासमोर आली. मी म्हणालो, भाऊबीजेला बापाला कोण ओवाळतं? लाज आहे का काही?

म्हणाली, "गप बसा जी बाबा. मान खाली करा."